हिरवा चुडा आणि काकांची सख्त मनाई

आमच्या गावात हिरवा रंग कुणाचा, हा प्रश्न मी लग्नाच्या वयाची होईपर्यंत कुणाला पडलाच नव्हता. ज्वारीचा हिरवा, पोपटाचा हिरवा, दर्ग्यावरच्या चादरीचा हिरवा आणि सवाष्णीच्या बांगड्यांचा हिरवा, सगळे एकाच घरचे असल्यासारखे गुण्यागोविंदानं नांदत होते. उरुसाला चादर आमच्या घरातून जायची आणि आमच्या लग्नांतले चुडे मन्यारचाचा भरायचे. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. वावगं वाटायला शिकवावं लागतं, आणि आमच्या गावाला मास्तर जरा उशिरानं मिळाले.

मन्यारचाचा हे दिंद्रुड ते वडवणी या पट्ट्यातल्या साऱ्या बायकांचे बांगडीवाले. खांद्यावर दोरीत ओवलेले बांगड्यांचे जुडगे, डोक्याला पांढरा रुमाल, आणि दारात आले की "चला मायहो, हात काढा" अशी हाक. परक्या पुरुषानं बाईचा हात धरायचा नाही, हा नियम आमच्याकडं इतका कडक की वैद्यसुद्धा नाडी बघताना अंग चोरायचा. चाचांना मात्र तो नियम लागू नव्हता. ते हात घेत, बोटं गोळा करत, अंगठ्याखालचं हाड असं काही दाबत की मूठ मऊ पडायची आणि बांगडी घसरून मनगटावर जाऊन बसायची. तोवर त्यांची नजर हातावरच. बाईच्या तोंडाकडं त्यांनी कधी पाहिलं नाही. माझ्या आईला ते वाटेत ओळखणार नाहीत, पण नुसता हात पुढं केला तर कुणाची सून ते सांगतील, असं बायका म्हणायच्या.

लग्नाचा चुडा भरून झाला की नवरी त्यांच्या पाया पडायची. ते डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचे आणि सुपातला शिधा उपरण्यात बांधून न्यायचे. मी परकरी पोर असल्यापासून ते मला बजावत आले होते, "तुजा चुडा मीच भरनार, माय. दुसऱ्याला हात द्यायचा न्हाई." मीही मोठ्या ऐटीत मान डोलवायची. नवरा कोण मिळेल याची मला फारशी फिकीर नव्हती, पण चुडा कोण भरणार हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

आता काकांकडं येते. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, बीडच्या शाळेत चार बुकं शिकून आलेले. निजामाचं राज्य, त्यामुळं शाळेत सारं उर्दूत, आणि काकांना राग आला की तो उर्दूतच यायचा. माणूस मनानं वाईट नव्हता. आम्हा पोरांना खांद्यावर घेऊन कपिलधारच्या यात्रेला नेणारा, गोष्टी सांगणारा, हसरा माणूस. पण कानात वारं भरलं की त्याचं वासरू व्हायचं आणि दावं तोडून पळायचं.

ते वारं त्यांना वडवणीच्या बाजारात लागलं. तिथं दोन टोळक्यांची मारामारी झाली. भांडण हिरव्या झेंड्यावरून पेटलं की भगव्या पताकेवरून, हे ज्यानं त्यानं आपापल्या परीनं सांगितलं. खरं एवढंच की दोन्हीकडची डोकी फुटली आणि ज्याचा कशाशीच संबंध नव्हता अशा एका भजीवाल्याची कढई सांडली. संध्याकाळी काका घरी आले ते डोक्याला भगवा फेटा बांधून. अंगणात उभे राहून त्यांनी जाहीर केलं, "आजपास्नं या घरात हिरव्या रंगाची सख्त मनाई!"

माझी आत्या दळण पाखडत बसली होती. ती या दोघा भावांची थोरली बहीण, तरणेपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. हात मोकळे, कपाळ मोकळं, पण घर तिच्याच शब्दावर चालायचं. तिनं सूप खाली न ठेवताच विचारलं, "आन् ती सख्त मनाई कुन्या मुलखातनं आणली रं?"

काकांनी तिकडं कानाडोळा केला आणि कामाला लागले. देवघरातलं हिरवं फडकं गेलं. मधल्या दाराला हिरवा रंग होता, तो ते विळ्यानं खरवडायला बसले. निम्मं दार खरवडून झाल्यावर हात दुखायला लागले आणि ते दार पुढं कायम तसंच अर्धं कोडग्रस्त राहिलं. मग त्यांची नजर तोटीच्या लोट्यावर गेली. वडील रोज त्यानं तुळशीला पाणी घालायचे, कारण धार नेमकी बुंध्यावर पडायची. काका म्हणाले, हे तिकडच्यांचं भांडं. लोटा उकिरड्यावर गेला. आत्यानं तो तासाभरात परत आणला आणि म्हशीला औषध पाजायला गोठ्यात ठेवला. मी विचारलं, "काका, मेथीचं काय करायचं?" त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "भाजीपाल्याला माफी हाय."

तिकडच्या आळीतही असेच एक काका निपजले असणार. कारण त्या वर्षी दर्ग्यावर झेंडूच्या माळा चढल्या नाहीत. झेंडू म्हणे भगवा. उरुसाचा गोड भात केशरी असायचा, तोही बिनरंगाचा शिजला. खाणारे सांगत होते की चव तीच होती, पण दुसऱ्यांदा कुणी मागितला नाही. रंगाचा हा बाट, म्हणजे विटाळ, नवा होता, त्यामुळं त्याचे नियम अजून पक्के झाले नव्हते. जो तो आपल्या मनानं ठरवत होता आणि दुसऱ्याला धमकावत होता.

या सगळ्यात चाचा सापडले अडकित्त्यात. आमच्या आळीतल्या पोरांनी सांगितलं, इकडं पाऊल टाकायचं नाही. त्यांच्या आळीतल्या पोरांनी बजावलं, आपला हिरवा रंग त्यांच्या बायकांच्या हातात घातलास तर सगळा माल दगडानं फोडू. म्हाताऱ्यानं हिरव्या बांगड्यांचे जुडगे ज्वारीच्या कणगीत दडवले आणि घरी बसून राहिला. आणि नेमकं त्याच वेळी माझं लग्न ठरलं.

स्थळ माजलगावकडचं, शेतीवाडीचं. सगळं जुळलं, मुहूर्त निघाला आणि चुड्याची गोष्ट निघाली. काका म्हणाले, "लाल भरू."

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. "लाल भरून पोरगी बोहल्यावर उभी करतोस? हिरव्या चुड्याबिगर लगीन कुनी ऐकलंय का? वऱ्हाड वेशीतनं माघारी जाईल!"

"जात न्हाई. मी बीडहून आनतो. आपल्याच कासाराकडून."

वडील भांडणाला भिणारे. ते म्हणाले, "जाऊ द्या, त्याचं डोकं तापलंय. पोरीचं लगीन नीट पार पडू द्या." त्यावर आईचं काही चालेना. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारण्याची रीतही नव्हती. मी परसात जाऊन बोरीच्या झाडाला चार लाथा घातल्या. काटा पायात मोडला तो वेगळाच.

काकांनी माझ्या मनगटाला सुतळी गुंडाळून माप घेतलं, दोन्हीकडं गाठ मारली आणि गाडी जुंपून बीडला गेले. हळदीच्या आदल्या दिवशी परत आले ते मोठ्या फुशारकीत. "लई झकास माल हाय! कासार उगाच दात काढत व्हता. लगीन हाय तर लाल कावून, म्हनला. आन् नवरी एवढी बारकी हाय का, म्हनला. मी म्हनलं, मापापरमानं दे आन् गप बस."

आईनं पुडा सोडला आणि बांगडी हातात घेताच तिचा चेहरा उतरला. बांगडीचं माप मनगटाचं घेतच नाहीत. ती मुठीवरून चढायची असते, म्हणून माप मुठीच्या हाडांचं. हे आमच्याकडं पाच वर्षांच्या पोरीलाही कळतं, पण पुरुषानं आयुष्यात कधी बांगडी घातलेली नसते, त्याला कोण सांगणार? काकांच्या बांगड्या मनगटावर अगदी छान बसल्या असत्या, मनगटापर्यंत पोचल्या असत्या तर.

तरी आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हाताला तेल चोळलं आणि प्रयत्न केला. पहिली कडकन गेली. दुसरी गेली. तिसरीची काच अंगठ्याच्या मुळाशी घुसली आणि हळदीच्या हातावर रक्ताची धार लागली. नवरीच्या हातात लग्नाआधी बांगडी गेली, म्हणजे काय समजायचं ते आमच्या घरातलं मांजरसुद्धा समजलं असतं. आई मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मला हाताचं दुखणं कमी आणि भीती जास्त वाटत होती. उद्या रिकाम्या हातांनी उभी राहिले तर मला कोण नेणार, आणि नेलंच नाही तर मी कुणाची?

आत्यानं माझ्या हाताला हळद दाबली, चिंधी बांधली आणि आईला म्हणाली, "ऊठ. आज कुंभाराकडं जायचं हाय न्हवं?"

लग्नाच्या आदल्या दिवशी सवाष्णींनी वाजतगाजत कुंभाराच्या घरी जायचं, त्याच्या चाकाची पूजा करायची आणि लग्नातली मडकी डोक्यावर घेऊन यायचं, ही आमची रीत. कुंभाराचं घर आमची आळी आणि चाचांची आळी यांच्या बरोबर मधे. मागच्या काट्याच्या कुंपणातून पाच पावलांवर चाचांचं परसदार. आत्यानं दुपारीच कुंभारणीला निरोप धाडला होता.

हलगी, सनई निघाली. बायका निघाल्या. विधवेनं या मिरवणुकीत यायचं नसतं, म्हणून आत्या चार हात मागं. काका फेटा बांधून, हातात काठी घेऊन सगळ्यांच्या पुढं, कारण वाट त्या आळीजवळून जाते आणि बायकांना जपायला कुणीतरी हवं. वेशीपाशी त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "हिला कावून आनलं? हळद लागलेली नवरी घराबाहीर?"

आत्या मागून शांतपणे म्हणाली, "नवरीनं आधी चाकाला हात लावावा लागतो. त्याबिगर मडकी लाभत न्हाईत."

अशी काही रीत नव्हती. ती आत्यानं तिथंच, उभ्या उभ्या, तयार केली. पण बायकांच्या रीतीत पुरुषाला काय कळतंय? काकांनी मान हलवली, "मंग बरोबर हाय," म्हणाले आणि काठी आपटत पुढं चालू लागले. त्यांनी आम्हाला चाचांपर्यंत इतकं सुखरूप पोचवलं की विचारता सोय नाही.

अंगणाच्या फाटकाबाहेर काका आणि वाजंत्री थांबले. आत बायकांनी माझ्याभोवती कोंडाळं केलं. कुंपणाची फांदी बाजूला झाली आणि चाचा आत आले. उपरण्याखाली हिरव्या बांगड्यांचा जुडगा, त्याला अजून ज्वारीचा भुस्सा चिकटलेला. म्हातारा माझ्यापुढं टेकला. त्यांनी माझ्या हातावरची चिंधी पाहिली, हळूच सोडली आणि म्हणाले, "अरे अल्ला. हे कोन्या कसायानं केलं?"

 काका फाटकाबाहेर हलगीवाल्यांना जोरात वाजवायला सांगत होते.

चाचांनी माझी मूठ घेतली आणि अंगठ्याखालचं हाड दाबलं. हिरवी एक चढली, दुसरी चढली. जखमेशी आलं की ते बांगडी किंचित तिरकी करायचे, आणि मला नुसतं थंड काचेचं कातडीवरून सरकणं कळायचं. डावा हात भरला. उजवा अर्धा भरला, आणि हलगीवाल्यांनी तंबाखू मळायला हात थांबवला. त्या शांततेत बांगड्यांची किणकिण सरळ फाटकाबाहेर गेली.

काका आत आले. बायका बाजूला झाल्या. मी चाचांच्या पुढ्यात बसलेली, माझा हात त्यांच्या हातात, आणि हात हिरवागार. काकांचा चेहरा त्यांच्या फेट्याच्या रंगाचा झाला. त्यांनी काठी उचलली की नुसती घट्ट धरली, मला आठवत नाही. चाचांनी माझा हात सोडला नाही एवढं आठवतं.

आत्या पुढं आली. सवाष्णींच्या कोंडाळ्यात पहिल्यांदाच. तिनं आपले दोन्ही मोकळे हात काकांच्या तोंडापुढं धरले.

"हे बघ. या हातात चुडा ह्या मानसानं भरलता. तवा मी हिच्याएवढी व्हते. आन् काढला कुनी? आपल्या घरच्या बायांनी काढला, दगडानं, आपल्याच अंगनात. तू बारका व्हतास, दारात हुबा राहून बघत व्हतास. ह्यानं जलमभर निस्त्या भरल्याच. बाटलेला हात कुनाचा, सांग की मला."

काका तिच्या हातांकडं बघत राहिले. मग माझ्या चिंधीकडं. मला वाटलं आता रडतील किंवा मारतील. त्यांनी यांतलं काहीच केलं नाही. ते फाटकाबाहेर गेले आणि ओरडले, "बसले कावून बे? वाजवा! समद्या गावाला ऐकू जाईल असं वाजवा!"

हलगी अशी कडाडली की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. त्या गोंगाटात उरलेल्या बांगड्या चढल्या. मी चाचांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओठ हलले. हलगीमुळं ऐकू काही आलं नाही, पण डोक्यावरचा हात पुरेसा होता. त्या दिवशी मी इतकी खूश होते की मडकं डोक्यावर घेऊन मीच नाचले असते.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. अक्षता पडताना गर्दीत नवरीची एखादी बांगडी जाते, म्हणून चाचा प्रत्येक लग्नात चार जादा बांगड्या कनवटीला लावून मांडवाच्या कडेला उभे राहायचे. तसेच उभे होते. आमच्या आळीतल्या पोरांनी काकांकडं बघितलं. काकांनी न बघितल्यासारखं केलं. मला वाटलं, संपलं सगळं.

पंगत बसायच्या आधी नवऱ्या मुलाचे थोरले चुलते आमच्याजवळ आले. मोठं प्रस्थ, त्यांच्या शब्दाखेरीज वऱ्हाडातलं पान हलत नव्हतं. माझे हात बघून ते खूश झाले. "चुडा लई झ्याक भरलाय." मग आवाज चढवून काकांना म्हणाले, "आमच्या गावानं आता ठरवलंय. मन्याराच्या हाती बाईचा हात द्यायचा न्हाई. ज्या घरात दिला त्या घरची पोरगी आमी नांदवत न्हाई. तुमच्याकडं कुनी भरला?"

त्यांना हिरवा चालत होता, हात चालत नव्हता. त्यांच्या गावचा बाट निराळा.

 वडिलांच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं. काका म्हणाले, "बीडच्या कासारानं भरला. मी सोता आनलता."

मला ते सहन झालं नाही. नवरीनं मांडवात तोंड वर करायचं नसतं, बोलणं तर लांबच. पण मी तोंड वर केलं आणि म्हणाले, "न्हाई. आमच्या चाचांनी भरला. ते काय, तिथं हुबे हायेत."

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. आईनं पदर तोंडात कोंबला. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, हाताकडं नव्हे, सरळ तोंडाकडं. आणि ते हसले. मोठ्यानं, मांडवभर ऐकू जाईल असे.

"नवरी बावरली हाय, मालक! ल्हानपनी मी लाखेच्या बांगड्या घातल्यात हिला, त्याच धरून बसलीय पोर. माझ्यात कुठं एवढी कला? ही बीडच्या कासाराचीच कामगिरी."

मग सगळेच हसले. सुटल्यासारखे हसले. कुणीतरी म्हणालं, पोरगी लई भोळी हाय. काका तेवढे हसले नाहीत. ते जमिनीकडं बघत होते. मला जो राग आला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. त्या माणसानं माझा संसार वाचवला, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मला त्याचा, काकांचा, माझ्या नव्या सगळ्या गोताचा राग आला. इतकी वर्षं झाली, सुना-नातवंडं झाली, तो राग काही जात नाही.

थोरले चुलते खूश होते. "खरा मानूस हाय," म्हणाले, आणि तबकातला एक विडा उचलून चाचांकडं गेले. चाचांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. हाताला हात लागू नये म्हणून चुलत्यांनी विडा वरून सोडला.

चाचांनी तो झेलला, कपाळाला लावला आणि पुन्हा हसले.